उत्कृष्ट मार्गदर्शक कोण, हे गुणपत्रिकेला विचारू नका

वाचकाचं पत्र :

स. न. वि. वि.

आमचं मंडळ पुण्यात दरवर्षी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी आंतरशालेय वादविवाद स्पर्धा भरवतं. प्राथमिक फेरी तीन वेगवेगळ्या शाळांत होते, अंतिम फेरी एका सभागृहात. यंदापासून ‘उत्कृष्ट मार्गदर्शक’ आणि ‘उत्कृष्ट यजमान शाळा’ असे दोन पुरस्कार द्यायचं ठरलं आणि तिथूनच वाद सुरू झाले. अध्यक्षांचं म्हणणं, फिरता करंडक ज्या शाळेला जाईल तिचाच मार्गदर्शक उत्कृष्ट, त्यात वेगळं काय ठरवायचं? गेली काही वर्षं करंडक एकाच शाळेकडे आहे. तिथे बाहेरून मानधनावर येणारे सर मुलांना तयार करतात, भाषणंही तेच लिहून देतात असं बोललं जातं. दुसरीकडे येरवड्याच्या एका शाळेतल्या बाई आहेत. त्यांचा संघ बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद होतो. तरी त्या न चुकता येतात, दरवर्षी नवी मुलं आणतात, आणि त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनी आता आमच्याकडे वेळाधिकारी म्हणून मदत करतात. माझं मन त्यांच्या बाजूनं आहे. पण ‘हरणाऱ्याला बक्षीस कसं द्यायचं?’ या प्रश्नाला मला बैठकीत उत्तर देता आलं नाही. यजमान शाळेचंही तसंच. एक संस्था सभागृह, ध्वनिक्षेपक, जेवण सगळं विनामूल्य देते, म्हणून पुरस्कार तिलाच द्यावा असं काहींना वाटतं. कुणालाही दिला तरी बाकीचे दुखावणार. मग पुरस्कारच नकोत, असं म्हणून मोकळं व्हावं का?

– एक कार्यवाह, पुणे ३०

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

मोकळ्या होऊ नका. पुरस्कार द्या आणि यंदापासूनच द्या. माणसं दुखावतील हे एकच कारण तुम्ही दिलं आहे, पण आज ती दुखावलेली नाहीत असं थोडंच आहे? भर पावसात मुलांना घेऊन येणारे, रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून देणारे, निकालानंतर रडणाऱ्या मुलीची समजूत घालत तिला घरी पोचवणारे शिक्षक आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसतात. व्यासपीठावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, परीक्षक. शिक्षक मागच्या रांगेत दप्तरं सांभाळत बसलेले.

पुण्याला बोलणाऱ्यांचं कौतुक फार जुनं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते. एक ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीच्या सुमारास, शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात. मात्र बोलायला शिकवणारा आणि बोलायला जागा देणारा, या दोघांची नोंद ठेवायची सवय आपल्याला लागली नाही. तुमचं मंडळ ती लावू पाहतंय, तर थोडे वाद सोसा. फक्त ते वाद नियमांवर होऊ द्या, नावांवर नकोत.

आता अध्यक्षांचा मुद्दा. जिंकलेल्या शाळेला करंडक मिळालेलाच आहे. त्याच शाळेच्या मार्गदर्शकाला आपोआप दुसरं सन्मानचिन्ह गेलं तर तुम्ही नवा पुरस्कार सुरू केलेला नाही, त्याच विजयाची दोनदा नोंद केली. आणि ‘हरणाऱ्याला बक्षीस कसं’ याचं उत्तर असं की हरला तो संघ. त्या दिवशी, त्या विषयावर, चिठ्ठीत निघालेल्या बाजूनं, तीन परीक्षकांसमोर तो हरला. त्या निकालात मार्गदर्शकाचा वाटा असतोच, पण त्यात घरात येणाऱ्या वर्तमानपत्रांचा, कपाटातल्या पुस्तकांचा, वकील किंवा प्राध्यापक असलेल्या आईवडिलांचाही वाटा असतो. कोथरूडच्या एखाद्या घरात जेवताना जी चर्चा होते ती मूल फुकट शिकतं. तीच गोष्ट दुसऱ्या वस्तीतल्या मुलाला शाळा सुटल्यावर वर्गात थांबून शिकावी लागते, आणि ती शिकवणारं कुणीतरी शाळा सुटल्यावर थांबलेलं असतं.

खेळात हे तुलनेनं सोपं आहे. केंद्र सरकारचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तो मुख्यतः खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीवर ठरतो. धावण्याची वेळ घड्याळ सांगतं, कुस्तीचा निकाल आखाड्यात लागतो. तरीही तिथे दोन विभाग आहेत, एक गेल्या चार वर्षांतल्या कामाचा आणि दुसरा वीस किंवा त्याहून अधिक वर्षं घडवलेल्या खेळाडूंचा. म्हणजे जिथे यश सेकंदांत मोजता येतं, तिथेसुद्धा लांब पल्ल्याचं काम वेगळं पाहावं लागलं. अमेरिकेत शालेय वादविवादाची १९२५ साली स्थापन झालेली एक मोठी संघटना आहे, आताचं तिचं नाव नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन. ती विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या गुणांचा एक हिस्सा मार्गदर्शकाच्या खात्यात जमा करत जाते, आणि १,५०० गुण झाले की ‘हिरा’ देते. चिकाटीची कदर करणारी पद्धत आहे, मला तेवढ्यापुरती आवडते. पण ज्याच्याकडे मुलं जास्त आणि प्रवासखर्चाला पैसे जास्त, त्याचे गुण भराभर साठणार हे उघड आहे. तीन केंद्रांवरच्या आपल्या स्पर्धेला असली गणितं नकोत. तुम्ही प्रत्येक संघ डोळ्यांनी पाहू शकता, मग पाहाच.

काय पाहायचं, हा खरा प्रश्न. आपल्या शालेय वादविवादात एक प्रकार सर्रास चालतो. मूल येतं, ‘सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक, वेळाधिकारी’ इथून सुरुवात करतं, मध्ये दोन कवितेच्या ओळी, एक सुभाषित, ठरलेल्या ठिकाणी ठरलेला हात वर, आणि घंटेच्या बरोबर आधी शेवटचं वाक्य. चार मिनिटं निर्दोष. या चार मिनिटांत प्रतिपक्षानं काय म्हटलं याचा एक शब्द नसतो. भाषण उत्तम असेल, पाठांतर त्याहून उत्तम असेल, पण वादविवाद झालेला नसतो. मोठ्या माणसानं लिहिलेलं भाषण मुलानं म्हणून दाखवलेलं असतं. याउलट एखादी मुलगी अडखळत उभी राहते, हातातल्या कागदावर प्रतिपक्षाचे तीन मुद्दे तिरक्या अक्षरात खरडलेले असतात, आणि ती म्हणते, ‘यातला दुसरा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यावरून तुमचा निष्कर्ष निघत नाही.’ त्या एका वाक्यामागे कुणाचीतरी महिनोन् महिन्यांची मेहनत आहे. ऐकून घ्यायला शिकवणं, मान्य करायला शिकवणं, आणि मान्य करूनही आपली बाजू न सोडणं. याला खंडन म्हणतात, आणि मार्गदर्शकाची परीक्षा तिथेच होते.

जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत हे नियमांतच बसवलेलं आहे. आठ मिनिटांच्या भाषणात पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर प्रतिपक्ष मध्येच उठून मुद्दा मांडू शकतो. गुणांची विभागणी आशयाला ४० टक्के, शैलीला ४० टक्के आणि मांडणीच्या डावपेचांना २० टक्के अशी. आणि काही सामन्यांचा विषय फक्त एक तास आधी कळतो. त्या तासात संघानं एकट्यानं तयारी करायची, मार्गदर्शक खोलीबाहेर. ही स्पर्धा २०१९ साली बँकॉकला झाली तेव्हा भारताच्या मुलांनी ती जिंकली होती. आपल्या मराठी मुलांना हे झेपणार नाही असं कुणी बैठकीत म्हणालं तर ऐकू नका.

तुम्हाला सगळे नियम बदलायची गरज नाही. एवढंच करा : उपांत्य फेरीचा विषय तासभर आधी द्या, आणि शिक्षकांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत चहाला बसवा. विषय मुलांच्या आवाक्यातला ठेवा. ‘शाळेच्या मैदानावर रविवारी वाहनतळ असावा’ असला विषय ‘जागतिकीकरण : शाप की वरदान’पेक्षा कितीतरी बरा, कारण त्याचं तयार भाषण कुठेही मिळत नाही. ‘भाषणं सर लिहून देतात’ या कुजबुजीचा निकाल त्या तासात आपोआप लागेल. तो सरांच्या बाजूनंही लागू शकतो, हे मनाशी ठेवा. मानधन घेतो म्हणून कुणी कमी दर्जाचा मार्गदर्शक ठरत नाही. मुलं त्या तासात स्वतः उभी राहिली तर त्या सरांचं काम खरं आहे, आणि मग तुम्ही ते मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. ऐकीव गोष्टीवर कुणाला बाद करू नका.

दुसरं साधन म्हणजे चिठ्ठ्या. प्रत्येक मार्गदर्शकाला एक कोरी चिठ्ठी द्या आणि दुसऱ्या कोणत्याही शाळेतल्या एका मार्गदर्शकाचं नाव व त्याचं कारण दोन ओळींत लिहायला सांगा. स्वतःच्या शाळेचं नाव चालणार नाही. कारण लिहिणं सक्तीचं, नुसतं नाव मोजायचं नाही. शिक्षक एकमेकांना आपल्यापेक्षा चांगलं ओळखतात. कोण निकालानंतर परीक्षकांशी हुज्जत घालतो, कोण मुलांच्या हातातून कागद ओढून घेतो, कोण दुसऱ्या शाळेच्या घाबरलेल्या मुलाला पाणी देतो, हे सगळं त्यांनी केंद्रावर बसून पाहिलेलं असतं. तसंच परीक्षकांना एकच विचारा : कुठल्या संघानं प्रतिपक्षाचं म्हणणं सर्वांत नीट ऐकलं? मुलांनाही विचारा, पण निकाल जाहीर होण्याआधी. निकालानंतरच्या चिठ्ठीत राग आणि आनंद दोन्ही उतरतात. मुलांसाठी मला पुरेसा वाटणारा प्रश्न असा आहे : ‘तुमच्या भाषणातलं कोणतं वाक्य तुमचं स्वतःचं आहे, आणि ते सुचलं कसं?’ उत्तरं वाचून बघा. ज्या शाळेत मुलांना विचार करू देतात तिथली मुलं भरभरून लिहितील.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा. शिक्षकाला स्वतःच अर्ज भरायला, छायाचित्रांची आणि प्रमाणपत्रांची फाइल तयार करायला लावू नका. आदर्श शिक्षक म्हणवून घ्यायला प्रस्ताव सादर करावा लागतो, हे अनेक चांगल्या शिक्षकांना अपमानास्पद वाटतं, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्याकडे फाइल करायला वेळ आहे त्याला पुरस्कार मिळतो, ज्याचा वेळ मुलांत जातो तो राहून जातो.

येरवड्याच्या बाईंबद्दल. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही ओघात लिहून गेलात : त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनी परत आल्या आहेत आणि घड्याळ घेऊन बसतात. स्पर्धेत हरलेली मुलं काही वर्षांनी त्याच स्पर्धेच्या कामाला स्वखुशीनं येतात, यापेक्षा मोठा पुरावा मला तरी सुचत नाही. दरवर्षी नवी मुलं आणणं हीदेखील साधी गोष्ट नाही. करंडक हवा असतो तेव्हा माणूस दहावीतली तयार मुलगी सोडत नाही, आठवीतल्या बुजऱ्या मुलाला संधी देत नाही. पण बाईंना दयेपोटी पुरस्कार देऊ नका. ‘विशेष प्रोत्साहनपर’ असला तिसरा पुरस्कार काढून त्यांची सोय लावणं तर अजिबात नको. त्याचा अर्थ सभागृहातल्या प्रत्येकाला कळतो, बाईंना सर्वांत आधी. त्यांच्या त्या दोन मुलींशी बोला. शाळेत सराव कसा होतो, विषयाच्या दोन्ही बाजू मांडायला लावतात का, मुलींना घरून परवानगी मिळवायला कोण जातं, हे विचारा. जे कळेल ते समितीपुढे लिखित ठेवा. तुमचं मन त्यांच्या बाजूनं आहे हेही समितीला सांगा आणि अंतिम नाव ठरवताना तुम्ही मत देऊ नका. तसंच ज्यांची मुलं, नातवंडं, भाचे स्पर्धेत आहेत त्यांनीही देऊ नये. पुण्यात ओळखी कुणाच्या नसतात? म्हणूनच हा नियम आधी करायचा.

बैठकीत अध्यक्षांशी नावावरून वाद घालू नका. ते वडीलधारे आहेत, मंडळ त्यांच्या कष्टावर उभं आहे, आणि जिंकणाऱ्याच्या गुरूचा मान व्हावा ही त्यांची इच्छा चुकीची नाही. ती पुरी करायचा सरळ मार्ग आहे : करंडक स्वीकारायला संघाबरोबर मार्गदर्शकालाही व्यासपीठावर बोलवा. त्यांचं नाव करंडकाच्या पट्टीवर कोरा. मग ‘उत्कृष्ट मार्गदर्शक’ हा स्वतंत्र पुरस्कार राहील आणि विजेत्या शाळेच्या मार्गदर्शकालाही तो मिळण्याची वाट खुली राहील. निकष स्पर्धेआधीच, शाळांना जाणाऱ्या परिपत्रकात छापा.

त्याच परिपत्रकात एक वाक्य घाला की योग्य नाव पुढे न आल्यास त्या वर्षी पुरस्कार दिला जाणार नाही. महाविद्यालयीन एकांकिकांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली ते तुम्हाला आठवत असेल. मुलांच्या करंडकाच्या बाबतीत मी असं कधीच सुचवणार नाही, शाळकरी वयात तो घाव फार खोल जातो. मोठ्या माणसांच्या पुरस्काराला मात्र ही मोकळीक हवी. नाहीतर चार वर्षांत सगळ्यांचे नंबर लागतील आणि पाचव्या वर्षी तो कुणालाच नको असेल.

यजमान शाळेचं उत्तर मला आणखी स्पष्ट दिसतं. जी संस्था सभागृह आणि जेवण देते तिचे आभार माना, मनापासून माना. उद्घाटनात नाव घ्या, कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या पानावर छापा, विश्वस्तांना सन्मानानं बोलवा. पण पुरस्कार देणगीच्या बदल्यात जाऊ लागला की पुढच्या वर्षी दुसरी शाळा अधिक चांगलं जेवण देऊ करेल, आणि तुम्ही लिलावात अडकाल.

यजमान शाळा पाहायची ती सर्वांत लांबून आलेल्या, कुणी ओळखीचं नसलेल्या संघाच्या नजरेनं. हडपसरच्या पुढून दोन बस बदलून आलेली मुलं सकाळी पावणेआठला फाटकाशी उभी राहतात तेव्हा फाटक उघडं आहे का? कुठल्या खोलीत जायचं ते कुणी सांगतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी आहे का? ही बाब मी सर्वांत वर ठेवेन. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली मी स्पर्धांमध्ये पाहिल्या आहेत. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणारं मूल आलं तर त्याचा सामना तळमजल्यावर ठेवलाय का? खोलीत पंख्याच्या घरघरीवर आवाज पोचतो का? भाषण चालू असताना शाळेची तासाची घंटा वाजत नाही ना? गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत स्पर्धा असेल तर नदीकाठच्या शाळांना ढोलपथकांच्या सरावाचा विचार करावा लागतो. शहाणी यजमान शाळा सामने संध्याकाळपूर्वी आटोपते, आणि त्यानं मुलीही उजेडी घरी पोचतात.

आणि एक कसोटी, जी फारच थोडे लोक लावतात : यजमान शाळेचा स्वतःचा संघ कुठे खेळला? स्वतःच्याच वर्गात, स्वतःच्याच शिक्षकांच्या टाळ्यांत, की दुसऱ्या केंद्रावर? यंदापासून नियमच करा की यजमान शाळेचा संघ प्राथमिक फेरी दुसऱ्या केंद्रावर खेळेल. गुणांची बेरीज करणारेही त्या शाळेचे नकोत. हे केलंत की यजमानपदाबद्दलचा निम्मा संशय जागेवर संपतो.

बाहेर पडताना प्रत्येक संघाकडून छोटी चिठ्ठी भरून घ्या, तीही निकालाआधी. छोट्या, जुन्या इमारतीतली शाळा यात मोठ्या शाळेच्या पुढे गेली तर आश्चर्य मानू नका. पुरस्कार जाहीर करताना फक्त मुख्याध्यापकांना पुढे बोलावू नका. पहाटे खोल्या उघडणारे शिपाईमामा, स्वच्छतागृह पुन्हापुन्हा धुणाऱ्या मावशी, घंटा सांभाळणारी नववीतली मुलं, यांची नावं मानपत्रात लिहा आणि वाचा.

समारंभाची एक अडचण सांगते. करंडक जाहीर झाला की सभागृह रिकामं होतं. कुणाची बस असते, कुणाचे पालक बाहेर दुचाकी लावून थांबलेले असतात. शेवटी ठेवलेला सन्मान रिकाम्या खुर्च्यांपुढे होतो. म्हणून हे दोन्ही पुरस्कार अंतिम सामना संपल्यावर, परीक्षक गुणांची बेरीज करत असताना द्या. त्या वीस मिनिटांत सभागृह गच्च भरलेलं असतं आणि कुणी जागचं हलत नाही. मानपत्र निवेदकानं वाचू नये, त्या शिक्षकाच्या माजी विद्यार्थ्यानं वाचावं. त्यात ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी झटणारे’ असली भाषा नको. त्यांनी नेमकं काय केलं ते चार वाक्यांत लिहा.

शाल-श्रीफळ द्यायचं तर द्या, पण खर्च तिथे थांबवू नका. पुरस्काराबरोबर त्या शाळेला वर्षभर दोन वर्तमानपत्रं आणि एक चांगला शब्दकोश द्या, म्हणजे पुढच्या मुलांना उपयोग होईल. मुख्याध्यापकांना आणि संस्थेच्या कार्यालयाला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, की या शिक्षकांनी अमुक काम केलं आणि पुढच्या वर्षी स्पर्धेचा दिवस त्यांची रजा न धरता कामाचा दिवस धरावा. कित्येक शिक्षक आजही स्वतःची किरकोळ रजा टाकून मुलांना स्पर्धेला आणतात. त्यांना सन्मानचिन्हाइतकीच या पत्राची गरज आहे. आणि लांबून येणाऱ्या संघांचा बसखर्च मंडळानं द्यायला सुरुवात केली तर येरवड्याहूनच नव्हे, आज येतच नाहीत अशा भागांतूनही बाई आणि सर येऊ लागतील. पैसे अपुरे असतील तर सन्मानचिन्हं लहान करा.

तुमची पुढची बैठक कधी आहे ते पत्रात नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पहिल्या महिन्यात शिक्षक वेळापत्रकं आणि याद्यांत बुडालेले असतात, तेव्हा परिपत्रक त्याआधी तयार हवं. निकषांचा मसुदा एका पानात लिहा आणि बैठकीच्या आधी अध्यक्षांच्या घरी जाऊन त्यांना एकट्यांना वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती, ती मूळ मुद्द्याला धक्का लावत नसेल तर, त्यांच्याच शब्दांत घाला. मसुदा मला पाठवलात तर मी वाचून कळवेन.